माया कमी पडली

—तसं नाही गं, सुरी नाही बोलत. सुरी कापते, बोलतं ते कोपऱ्यातलं यंत्र. ये, माझ्या पलंगावर बस — हात बघ किती गार पडलेत — तुला ऑपरेशनला न्यायला अजून अवकाश आहे, परवा मलाही असंच ताटकळत ठेवलं होतं. तर ऐक. ती सुरी विजेची. गाठीभोवती फिरली की मांस जळतं, धूर निघतो, आणि तो धूर नळीतून थेट यंत्रात. मास स्पेक्ट्रोमीटर — पाठ केलंय मी. धूर हुंगतं आणि दोन-तीन सेकंदांत सांगतं, हे चांगलं, हे वाईट. आमच्या सासूबाईंचं नाक तसंच, दारातूनच कळायचं आत काय करपलंय ते. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आदल्या दिवशी कांदा-लसूण खाल्लं तर यंत्र फसेल का? इतक्या हसल्या, की माझं बीपी मोजायचं विसरल्या.

हसतेस ना? हस. पहिल्या खेपेला मी नव्हते हसले. हो, ही दुसरी खेप. तेव्हाच्या दवाखान्यात हे यंत्र नव्हतं. गाठ काढली, शिवलं, घरी पाठवलं, आणि दहा दिवसांनी कागद आला — काठावर वाईट पेशी राहिल्यात, पुन्हा उघडावं लागेल. आता आमचे हे शिंपी. कापड बेतताना शिवणीला बोटभर जादा कापड, माया, सोडतात, त्यांना एका वाक्यात कळलं असतं — माया कमी पडली. पण मी कागद वाचून गुपचूप पाकिटात परत ठेवला, आणि काय सांगितलं? टाका उसवला. कोणाला? चाळीस वर्षं टाके घालणाऱ्या माणसाला. "कच्चा दोरा वापरला असेल," म्हणाले आणि मशीनवर बसले. मला वाटलं, खपलं.

परवा मात्र — चार ठिकाणी यंत्र म्हणालं चांगलं, पाचव्या जागी, काखेच्या बाजूला, म्हणालं वाईट. तिथून आणखी नखभर काढलं, मग चांगलं. मी गुंगीत असतानाच सगळं निस्तरलं. पक्का कागद यायचाय म्हणा — नुसत्या यंत्राच्या शब्दावर इथे कोणी सही करत नाही.

काल हे आले. पिशवीतून नवं ब्लाउज काढलं — पुढून बटणांचं, हात वर न करता घालता येईल असं, डावी बाजू आतून मऊ अस्तरानं भरलेली. माप न घेता शिवलेलं. मी म्हटलं, उसवल्या टाक्यासाठी एवढं कशाला? तर म्हणाले, "तो कागद परत ठेवताना घडी उलटी घातली होतीस तू." एवढंच. म्हणजे महिनाभर ठाऊक होतं माणसाला. मी रोज टाक्याच्या नवनव्या गोष्टी रचतेय, आणि हे ऐकतायत, वर विचारतायत, आज दोरा दिसतो का म्हणून. डँबिस. ते गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून — जाऊ दे. डोळ्यांना काही नाही झालेलं, फिनेलचा वास झोंबतो.

सिस्टर आल्या बघ न्यायला. चष्मा दे इकडे, सांभाळते मी. जा आता. आणि हे बघ — माझा पक्का कागद गुरुवारी यायचाय, ह्यांच्यासमोर बोलू नकोस. त्यांना मी शनिवार सांगितलाय.