टॅकलचा रकाना

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय श्रीनिवासकाका, आमचे कोच उल्हास सर, सत्कारमूर्ती यतीनदादा, अलकावहिनी, आणि हॉलचा हीटर बंद असूनही लीड्सच्या या गारठ्यात वेळेवर जमलेले मंडळाचे सर्व सभासद, वैभवीचा नमस्कार.

यतीनदादा शुक्रवारी कायमचे नागपूरला परत जात आहेत. त्यांच्याबद्दल चार गोड शब्द बोल, असं काकांनी सांगितलं. पण मला आधी एक कबुली द्यायची आहे.

मंडळाच्या रग्बी लीग संघाची आकडेवारी मी ठेवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, तीही स्टॅटिस्टिक्सची. त्यामुळे छापील तक्त्यावर माझा जरा जास्तच विश्वास. फायनलच्या आधी मी सरांना तक्ता दिला. कोणी किती ट्राय केले, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपार टेकवून गुण मिळवले, बॉल घेऊन कोण किती मीटर धावला. सर म्हणाले, "यतीन, अख्ख्या सीझनमध्ये दोनच ट्राय?"

"सर, एकच. दुसरा मिहीरचा आहे. वैभवी, खोड तो."

मी खोडला. आणि त्या तक्त्यावरून दादा फायनलच्या तेराजणांतून वगळले गेले. सर, तुम्ही कागद वाचलात. कागद माझा होता.

फायनलला दादांनी पाण्याच्या बाटल्या वाटल्या. आपण सोळा-अठरा हरलो. समोरच्या संघाचे तिन्ही ट्राय मैदानाच्या मधूनच झाले, जिथे आधीच्या अकरा मॅचेस दादा उभे होते.

कबड्डीत पकड करणाऱ्याला निदान गुण तरी मिळतो. इथे टॅकल म्हणजे शंभर किलोचा माणूस अंगावर घ्यायचा, आडवा करायचा, उठून मागे पळायचं, पुन्हा पुढचा आडवा करायचा. स्कोअरबोर्ड ढिम्म. माझे बाबा इचलकरंजीत मागावर काम करतात. तुटलेला धागा त्यांनी वेळेवर जोडला, की कापडात काहीच दिसत नाही. हे बघत मी मोठी झाले, आणि तरी माझ्या तक्त्यात टॅकलचा रकाना नव्हता. का नव्हता?

वहिनी, तुमच्या शूटिंगची आम्ही किती थट्टा केली! "वहिनींच्या कॅसेटमध्ये बॉल सोडून सगळं दिसतं." खरंच की, त्यात फक्त दादा दिसतात. फायनलनंतर त्या कॅसेट मी तुमच्याच घरी बसून पाहिल्या. अकरा मॅचेस, तीनशे चौदा टॅकल. सुटलेले नऊ. चहा ठेवताना तुम्ही म्हणालात, "आता नको गं मोजूस. त्यांचे बूट कधीच बॅगेत गेलेत."

नवा तक्ता मी आणला आहे. पुढच्या सीझनला तो संघाच्या उपयोगी पडेल, दादांच्या नाही. त्यांची फायनल होऊन गेली.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभेने सांभाळून घ्यावं. जुना तक्ता मी फाडलेला नाही. दादा, त्यातल्या चुकीला माफी द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त या वेळी "वैभवी, खोड ती" असं म्हणू नका.