रेडिएटरातले बुडबुडे

आमचं गाव गोंडपिपरीच्या जवळच, काय सांगू तुम्हाला भाऊ, घरापुढं बोडी अन् घरामागं बोडी, म्हंजे लहानं तळं, आमी मासे धरनारे लोक, मी चालाले लागली तवापासून पान्यातच. आई सांगे का बाई, पानी नोको पाहू, बुडबुडा पाह्य. चिखलातला वारा एकडाव बुडबुडते अन् बसते, पन खाली जीव दम घेऊन राह्यला का बुडबुडा त्याच जागी रहून रहून येते. तिची जाळी कधी रिकामी नाई आली. आता माहे गुडघे दुखते, पान्यात उतरवत नाई, ते जाऊ द्या.

लगन झालं अन् गोंडपिपरीत आली. आमच्या यायचं रोडवर जीपा दुरुस्तीचं गॅरेज, गॅरेज म्हंजे चार टिना अन् एक आंब्याचं झाड. नव्वदच्या पुढची गोष्ट हाये, तवा सवारी जीपा नव्या नव्या निंघाल्या होत्या. सुधाकरभाऊची जीप आष्टीले जाये, अन् रोज जंगलात गरम होऊन उभी राहे. आमच्या यायनं पाईप बदलवला, रेडिएटर झाळून आनला, पानी फेकनारा पंपही नवा टाकला, तरी जीप रोज डबाभर पानी पेये, अन् खाली पाहा त थेंब नाई. मंग पानी जाते कुठी?

एक दिवस सुधाकरभाऊ साऱ्या डायवरांपुढं म्हने, तुले काई येत नाई, उद्यापासून आमच्या साऱ्या जीपा बल्लारपूरले जाईन. हे घरी आले, जेवले नाई, म्हने गॅरेज बंद करतो, खदानीत मजुरीले जातो. मले राग आला, सुधाकरभाऊचा नाई, यायचाच आला. येवढ्यात हात टेकले?

सकाळी जीप गॅरेजातच उभी, थंडी होती. मी म्हनलं, रेडिएटराचं झाकन खोला अन् चालू करा. हे म्हने, तुले काय समजते यातलं. मी म्हनलं, मले बुडबुडा समजते. वाकून पाह्यलं, अन् काय सांगू, एकाच जागून बुडबुडा, मंग अजून बुडबुडा, थांबाचं नावच नाई. मांगं गेली त सायलेंसरच्या नळीतून पांढरा धूर, इंजिन तापलं तरी जाईना, हात धरला त हात ओला. मी म्हनलं, अहो, पानी बाहेर नाई सांडत, इंजिनच पेऊन राह्यलं, अन् त्याचा दम पान्यात येऊन राह्यला.

यायनं पाना उचलला. मंग इंजिनाचं वरचं हेड खोललं, त खालचं गॅसकेट, म्हंजे मधातली पातळ पट्टी, बोटभर जळलेलं, तिथूनच पानी आत जाये. हेड चंद्रपूरहून घासून आनलं, नवं गॅसकेट टाकलं, अन् जीप आष्टीच्या तीन फेऱ्या मारून आली, घोटभर पानी नाई मांगितलं. सुधाकरभाऊ त्याच डायवरांपुढं म्हने, वहिनी, चुकलो. मी म्हनलं, चुकले त साऱ्याईले भजे खाऊ घाला. खाऊ घातले बरं, अन् मी दोन पलेटा खाल्ल्या.

तवापासून गाडी तापली का डायवर आधी म्हनते, वहिनीले बोलवा. हेही हातातला पाना ठेवून वाट पाह्यते, हसते, म्हने आमच्या घरची डाक्टरीन.

आता निंघा भाऊ, सुखानं जा. तुमची तापून उभी राह्यलेली गाडी मंघाशीच थंडी झाली होती, यायनं झाकन खोललं अन् मी पाहून आली. एकही बुडबुडा नाई.