पत्त्यावर जाणारं औषध

...नाई म्हंजे नाईच! तुमाले सांगतो, यष्टी येऊन गेली, दुसरी यायची वेळ झाली, पन माय खाटेवरून हालाले तयार नाई. एकच पालुपद, 'ते जुनं औषध मी घेत नाई!' जुनं? साऱ्या नागपुरात त्याच्याहून नवं भेटत नाई, अन आमच्या ठमाबाईले ते जुनं झालं! आता तुमीच सांगा, माहं काय चुकलं?

झालं असं... मायच्या छातीत गाठ निंघाली. क्यान्सर. नागपूरचा डॉक्टर म्हने, पयले सुया, गाठ लहान झाली का ऑपरेशन. पयली सुई झाली अन मायचे केस गेले, तोंड सोललं, जेवन सुटलं. मी इचारलं, 'साहेब, गाठ छातीत, तं डोक्यावरचे केस काऊन गेले जी?' डॉक्टर बिचारा सज्जन. म्हने, 'औषध रक्तातून सगळीकडे जातं हो, त्याला गाठीचा पत्ता कुठे ठाऊक? परदेशात प्रयोग चाललेत, औषध चरबीच्या इवल्याशा बुडबुड्यांत भरायचं, डोळ्यांना दिसणारही नाहीत, आणि ते थेट गाठीत सोडायचं. सध्या उंदरांवर चाललंय.'

मले लय आवडलं. घरी येऊन मायले आपल्या भाषेत समजावलं... म्हनलं, माय, जेवू घालाचं हाय एकट्या गाठीले, पन हे औषध साऱ्या अंगाले चूलबंद आवतन देते! घरात कोनी चूलच पेटवाची नाई, सारे पंगतीले! केस बसले, जीभ बसली, पोट बसलं... अन नवं औषध कसं, फक्त गाठीलेच बोलावन. इतकं चांगलं डॉक्टरलेबी सांगता आलं नसतं. आता सांगा, माहं काय चुकलं?

शेजारची गिरजाबाई तिथीच बसली होती ना! सांजच्यापर्यंत गावभर! जो भेटाले येते तो म्हनते, 'थांबून जाय बाई, नवं येऊन राह्यलं, कायले केस घालवतं?' अवो, केस गेलेच हायेत! मी म्हनलं, माय, ते अजून उंदरांले देतात. तं माय म्हनते, 'उंदराले देतात अन मले नाई?'

हसता काय? दुसऱ्या सुईची तारीख होती, तारीख चुकली तं गाठ वाढन, मंग ऑपरेशनबी नाई होत. मले भेव वाटून राह्यलं होतं हो! मायले म्हनलं, त्या औषधाले वर्सं लागतीन. माय म्हने, 'थांबीन. विजेसाठी नाई थांबली?'

बस, इथी माहं डोस्कं फिरलं! मी ऊर्जानगरात फिटर, वीज आमी बनवतो, आमचं गाव जिवतीच्या पहाडात, तारा गावाच्या डोक्यावरून जातात, अन घरात आमच्या रॉकेलची चिमनी! मी म्हनलं, 'माय, येईन ते औषध. पन या तारांसारखंच येईन. आपल्या वरून जाईन अन मुंबईले उतरन.'

मंग माय उठली, डोक्यावर पदर घेतला, वाहाना घातल्या अन दुसऱ्या यष्टीत माह्या आधी चढली.

नागपूरले डॉक्टरच्या पुढं हात लांब करून म्हनते कशी, 'साहेब, जे हाय तेच द्या. चांगलं चांगलं आमच्या गावावरून जाते, गावात उतरत नाई.'

डॉक्टर माह्या तोंडाकडं पाहे. मी काय बोलू जी? माहा पगार त्याच तारांवर हाय.