चालक उतरल्यावर

मंडळी, ऐका. आज एकच विचारतो. माझी सुटका झाली आणि त्याच फटक्यात शेजाऱ्याची भाकरी गेली — तर मी देवापुढं पेढा ठेवावा का?

तात्याबा शेलार म्हणून एक गृहस्थ. कारखान्याच्या बसवर चालक. कामगारांना न्यायचं, आणायचं, आयुष्य त्यात गेलेलं. पण अलीकडं नजर अधू झालेली! समोरून ऊन आलं की रस्ता नुसता पांढरा दिसे. बोलणार कुणाला? सांगितलं तर काम जातं. नाही सांगितलं तर कुणाचं तरी लेकरू चाकाखाली येतं! जीव मुठीत धरून चालवायचे.

अशात कारखान्यानं होत्या त्या दोन्ही जुन्या बस काढून टाकल्या आणि एकच मोठी आणली — बिनचालकाची, आपली आपण चालणारी! हसताय? मी तर घाबरलो. उद्या वीणा आपोआप वाजायला लागली, तर या बुवाला कोण विचारतो?

तात्याबा घरी आले, ओट्यावर बसले आणि रडले.

त्यांची बायको यमुनाबाई म्हणाल्या, "अहो, कामासाठी एवढं?"

"कामासाठी नाही गं. माझ्या हातून कुणी मेलं नाही म्हणून."

बाई जवळ बसल्या. "मला कळत होतं. तुम्ही परत येईपर्यंत घास उतरत नव्हता माझा."

इतक्यात दारात परसू खिलारे! दुसऱ्या बसचा चालक. तरणा गडी, घरात तान्ही मुलगी. म्हणाला, "तात्या, नव्या बसमध्ये माणसांची चढउतार बघायला एकच माणूस ठेवणार आहेत. जुने म्हणून ती जागा तुम्हाला. मी कुठं जाऊ?"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

सकाळी तात्याबा साहेबांपुढं उभे राहिले. "साहेब, माझ्या डोळ्यांना दिसत नाही. परसूला घ्या."

"आधी का नाही बोललात?"

"भीती वाटत होती."

"आणि आता तुमचं कसं?"

"यमुना तुमच्याच कँटीनला पोळ्या करते. मी कणीक मळीन."

साहेबांनी जागा परसूला दिली.

पुढं तात्याबा डोळे दाखवायला निघाले, दवाखाना बसच्याच वाटेवर; तर बस दारात! परसूनं हात धरून चढवलं, खिडकीशी बसवलं. आणि मंडळी, ज्या रस्त्यावर तात्याबांनी कधी पापणी मिटली नव्हती, त्याच रस्त्यावर ते चक्क घोरायला लागले!

यंत्रानं तुमचंही काही ना काही हलकं केलंय. त्या जागेवर आधी कोण होतं, ते आठवा. त्याच्या दाराशी जाऊन या. मग देवाचं नाव घ्या — गोड लागेल.