कुस्तीच्या जोड्या, माझी जावा आन् निकिताचं पायथन

...न्हाई पण मला सांगा, चाळीस ओळींचा काय प्रोग्राम असतो व्हय? चाळीस ओळी तर माझ्या जावात पैलवान नुसता आखाड्यात उतरेपर्यंत जातात! तुमाला सांगतो, आपण काय जळत न्हाई हां... पण काष्टीत अकरा वर्षं जावाची, म्हंजे कॉम्प्युटरच्या भाषेची, शिकवणी घेतोय, कल्याण सर म्हन्त्यात मला, आन् ही निकिता माझ्याच पहिल्या बाकावर शिकली, पुण्याला गेली, आन् आली ती पायथन नावाची दुसरीच भाषा घेऊन!

झालं काय, जत्रेच्या कुस्त्या. दरवर्षी जोड्या लावताना भांडणं. पंच म्हन्ले, "सर, कॉम्प्युटरवर लावा, जमलं तर स्टेजवर फेटा तुमचा!" फेटा! चार महिने मान मोडून बसलो. पैलवानाचा क्लास, म्हंजे कोडमधला साचा, लिहिला, वस्तादाचा क्लास लिहिला, वस्तादानं पैलवान कसा घडवायचा त्याचा तिसरा... एक्सेलची यादी वाचायला आयत्या कोडची लायब्ररी आणली, तर ती म्हन्ती, माझ्या चार बहिणी, आणखी चार लायब्ऱ्या, बोलवा, त्याबिगर मी बसत न्हाई. रुसलेली वरमाय परवडली! आन् एका पठ्ठ्यानं वजनाच्या जागी लिहिलं, "अंदाजे सत्तर". झालं! पंचांसमोर प्रोग्राम आडवा!

तर निकिता, "सर, मी बघू का जराऽ?" आवाजात लोणी हो, लोणी! एकच लायब्ररी, एका ओळीत यादी वाचली, दुसरीत 'अंदाजे' पुसलं, चहा निवायच्या आत चाळीस ओळींत जोड्या तयार! म्हनलं, "अगं, आकडा हाय का शब्द, आधी सांगायला नको? शिस्त कुठंय?" तर म्हन्ती, "चालतंय की सर!" चालतंय! आमच्यात असं कधी चाललं का? आपण जळत न्हाई हां, पण जावात बी सगळं ऑब्जेक्टच, पायथनात बी ऑब्जेक्टच, मग हिलाच सगळं आयतं का?

जत्रेत माइकवर पुकारा झाला, "कल्याण सर, स्टेजवर या!" म्हनलं, कदर हाय गावाला! टोपी काढली, केस सारखे केले, वर गेलो. सरपंचांनी भगवा फेटा हातात दिला, म्हन्ले, "निकिताचा सत्कार हाय. तुमच्यावानी फेटा बांधणारा दुसरा हाय का कोणी?"

बांधला. काय करता? चांगला तुरा काढून, शेमला पाठीवर सोडून... पेपरात फोटो आलाय. निकिता हाय, सरपंच हायेत, आन् मी बी हाय की... नुसता हात, कोपरापर्यंत!