भाचीच्या कानातलं नाव

नावांचा विषय काढलात म्हणून सांगते. लढाई संपली त्या साली दादाच्या मुलीचं बारसं वडूजला आमच्या घरी होतं. दादा वर्षभरापूर्वी ब्रह्मदेशातल्या आघाडीवरून परतला होता. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. आईनं आपल्या सासूचं, गंगूबाईंचं नाव ठरवलं होतं. मी पाळण्याशी वाकले, तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब. दुलारी ठेव."

आई भडकली. "ह्ये कसलं परमुलखाचं नाव? काय अर्थ त्याचा?"

"हिंदीत लाडकीला म्हणत्यात." दादा खाली बघत बोलला. "मांडीत गोळी लागली, तवा उत्तरेकडच्या एका शिपायानं मला पाठीवर घेतलं. दोन दिस रान तुडवलं. लय दमला की म्हणायचा, 'दुलारी, बस थोडा और.' मला वाटलं, देवीला हाक मारतोय. छावणीत पोचल्यावर विचारलं, तर ती त्याची लेक. त्यानं अजून बघितलीबी नव्हती. नाव तेवढं पत्रातनं कळलं व्हतं."

आईनं हळूच विचारलं, "मग आता घरी जाऊन बघितली का त्यानं?"

"न्हाई गं. दुसऱ्याला आणायला परत गेला, त्यो तिथंच ऱ्हायला."

आई उठली. बारा दिवसांच्या नातीच्या पायांवर तिनं डोकं टेकवलं आणि मला म्हणाली, "मोठ्यानं सांग. त्या बापालाबी ऐकू जाऊ दे."