बकुळीखालची जागा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एवढंच सांगा — घरात जे पिकलं, वाळलं, गळून पडलं, त्याला जागा कोणती द्यावी? हसू नका! मी पाचोळ्याबद्दल विचारतोय. सध्या तरी पाचोळ्याबद्दलच!

मिरजेला मथुराबाई नावाच्या एक बाई होत्या. मुलगा श्रीरंग, सून प्राची. बंगला छोटा, पण परस हिरवागार! बागेतला कचरा फार साचतो, म्हणून सुनेनं ठरवलं, घरच्या घरी खत करायचं. उत्तम विचार! मग खताच्या पिंपाची शोधाशोध सुरू झाली. अहो, एवढी चौकशी श्रीरंगानं स्वतःच्या लग्नात केली नव्हती! हिरवं घ्यावं की काळं? फिरवायचं की उभं? झाकण कसं, भोकं किती? जेवताना तोच विषय. मथुराबाई ऐकायच्या. घरात बोलणं चाललंय, याचंच त्यांना बरं वाटायचं.

शेवटी काळं, भोकाभोकांचं पिंप आलं. आता ठेवायचं कुठं? दुकानदारानं बजावलेलं — सावली हवी, वारा हवा, स्वयंपाकघराच्या दाराजवळ हवं, म्हणजे येता-जाता लक्ष राहतं. अशी जागा परसात एकच, बकुळीखाली. आणि तिथं काय होतं? मथुराबाईंची बाज! गुडघे गेल्यापासून त्यांचा दिवस तिथंच सरायचा. देवाचं निर्माल्य बकुळीच्या मुळाशी घालायचं, पडलेली फुलं ओच्यात वेचायची, दारातून सुनेशी दोन शब्द बोलायचे.

सून म्हणाली, आई, तुम्ही गच्चीवरच्या खोलीत निवांत राहाल. निवांत! वर पत्रा, बाहेर वैशाख! कुणी विचारलं तर नको म्हणू, असं मथुराबाईंनी ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही.

श्रीरंग कामावरून आला, की बूट काढायच्या आधी पिंपात हात घालायचा. ऊब लागली की खूश! कोरडं वाटलं तर पाणी शिंपडायचा. मथुराबाई वरच्या खिडकीतून बघायच्या. आणि त्या माउलीला — सांगताना जीभ जड होते हो — त्या माउलीला पाचोळ्याचा हेवा वाटायचा.

एक दिवस त्यांचं अंग फणफणलं. जेवणाचं ताट वर आलं, तसंच खाली गेलं. का, ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळी त्या बसत-बसत जिना उतरल्या. श्रीरंगाचा हात पिंपातच होता. त्यांनी तो मनगटाशी धरला आणि कपाळाकडे नेला.

"रंगा, इथंही बघ रे. किती तापलंय."

"आई, हात खताचा आहे. थांब, धुऊन येतो."

गेला! नळापाशी कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी विचारलं, पिंप कुठलं घेतलंत? झालं! हा सांगत बसला — सावली कशी हवी, वारा कसा हवा, लक्ष कसं ठेवावं लागतं. मथुराबाई पिंपाला टेकून खाली बसल्या. जागा ओळखीची होती.

दिवेलागणीला श्रीरंग स्वच्छ हातांनी परत आला, तेव्हा कपाळ गार पडलं होतं.

खत झकास झालं, मंडळी! तेराव्याला जेवून गेलेल्यांनी बागेचं कौतुक केलं.

आता आरतीनंतर तुम्ही माझ्या पाया पडायला याल. येऊ नका. घरी जा. कुणीतरी तुमची वाट बघत आतल्या खोलीत पडलं असेल, त्यांच्या कपाळाला हात लावा. हात कसेही असू देत. धुवायला थांबू नका.